मोठ्या आतड्याची घडण, जनुके आणि सुरुवातीचा कर्करोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाच्या आतड्यात गाठ निघाली की पहिले काही दिवस डॉक्टर, रिपोर्ट आणि पैशांची जुळवाजुळव यातच जातात. प्रश्न सुचतात ते नंतर. हे झाले कशामुळे, कधीपासून आत चालू होते, आधी कळले असते का, मुलांना होईल का. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नांची उत्तरे बरीच बदलली आहेत आणि त्याचे मोठे श्रेय आतड्याचे अस्तर कसे घडते याच्या अभ्यासाला जाते. रुग्णांचे नातेवाईक, विज्ञानाचे विद्यार्थी आणि हातात रिपोर्ट असूनही त्यातल्या जनुकांच्या नावांपाशी अडखळणारे वाचक यांच्यासाठी हे पान लिहिले आहे. तपासणी आणि औषधोपचाराचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आतडे गर्भात कसे घडते याचा म्हातारपणी होणाऱ्या कर्करोगाशी काय संबंध?

फार जवळचा. गर्भात आतडे तयार होताना प्रत्येक पेशीला काही गोष्टी ठरवाव्या लागतात. विभाजन करायचे की थांबायचे, जागा सोडायची की तिथेच राहायचे, चिकट स्राव तयार करणारी पेशी व्हायचे की पाणी शोषणारी. हे ठरवणारी जनुके जन्मानंतर गप्प बसत नाहीत. आतड्याचे अस्तर आयुष्यभर झिजत असते आणि आयुष्यभर नव्याने तयार होत असते. म्हणून गर्भातल्या घडणीची यंत्रणा ऐंशीव्या वर्षीही रोज कामावर असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सुरुवातीला बिघडलेली सापडतात ती बहुतेक याच यंत्रणेतली जनुके.

याचा एक स्पष्ट पुरावा १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथून आला. हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने टीसीएफ-४ हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ही पिल्ले जन्मल्यावर लगेच दगावली, कारण त्यांच्या लहान आतड्याच्या अस्तरात नव्या पेशी पुरवणारा मूळ पेशींचा साठाच तयार झाला नव्हता. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य गाठींमध्ये हेच टीसीएफ-४ अहोरात्र चालू ठेवलेले आढळते. ते नसेल तर आतडे घडत नाही आणि थांबले नाही तर गाठ होते.

अस्तर रोज नव्याने तयार होते म्हणजे नेमके काय होते?

मोठ्या आतड्याची आतली बाजू डोळ्यांना गुळगुळीत दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिथे लाखो बारीक, खोल खाचा दिसतात. त्यांना क्रिप्ट म्हणतात. माणसाच्या मोठ्या आतड्यात त्या सुमारे दीड कोटी असतात आणि एकेका क्रिप्टमध्ये साधारण दोन हजार पेशी असतात. तळाशी मोजक्या मूळ पेशी बसलेल्या असतात. त्यांचे विभाजन होते आणि नव्या पेशी वर सरकू लागतात. पंढरपूरच्या दर्शनबारीत मागची गर्दी पुढच्याला सरकवत नेते, तशा खालच्या पेशी वरच्यांना ढकलत नेतात. वर जाता जाता पेशीचे विभाजन थांबते आणि ती एका ठरावीक कामाची होते. साधारण चार-पाच दिवसांत ती तोंडाशी पोचते, गळून पडते आणि शौचावाटे बाहेर जाते.

या व्यवस्थेत एक संरक्षण दडलेले आहे. एखाद्या पेशीच्या डीएनएत चूक झाली तरी ती पेशी आठवडाभरात शरीराबाहेर जाते. धोका राहतो तो तळाच्या मूळ पेशींना, कारण त्या जागा सोडत नाहीत. त्या नेमक्या कोणत्या, हे २००७ मध्ये क्लेव्हर्स यांच्याच गटाने एलजीआर-५ या खुणेवरून दाखवले. तळाशी 'विभाजन करा' हा संदेश जोरात असतो आणि वर 'थांबा, आता कामाला लागा' हा. पहिला संदेश विंट नावाच्या प्रथिनांचा आणि दुसरा मुख्यतः बीएमपी प्रथिनांचा. हा तोल बिघडला की काय होते, तेच पुढच्या बहुतेक उत्तरांत आहे.

विंट हा शोध कुठला?

यात आपल्याकडचा एक धागा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९७० च्या दशकात आर. पी. शर्मा यांनी फळमाशीचा एक वाण नोंदवला, ज्यात काही माश्यांना पंखच फुटत नव्हते. त्यावरून त्या जनुकाला 'विंगलेस' म्हणजे पंखहीन असे नाव पडले. शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांचा यावरचा लेख १९७६ चा, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत रोएल नुस्से आणि हॅरोल्ड व्हार्मस यांना उंदरांच्या स्तनाच्या गाठींमध्ये इंट-१ हे जनुक सापडले. माशीचे विंगलेस आणि उंदराचे इंट-१ ही एकाच जनुकाची दोन रूपे निघाली, तेव्हा दोन्ही नावे जोडून विंट हे नाव केले गेले. माशीला पंख का फुटत नाहीत, असा साधा प्रश्न विचारणाऱ्या संशोधनावर आज कर्करोगाचा एक मोठा अभ्यास उभा आहे. मूलभूत संशोधनावर पैसा का घालवायचा असे विचारणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण सांगते.

रिपोर्टमध्ये 'एपीसी' असे लिहिले आहे. ते काय?

एपीसी हे पाचव्या गुणसूत्रावरचे जनुक आहे. ते १९९१ मध्ये ओळखले गेले. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या, तरुण वयातच, आतड्यात शेकडो ते हजारो पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या बारीक गाठी, येत होते. त्या कुटुंबांच्या अभ्यासातून ते सापडले.

पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते. एपीसी इतर काही प्रथिनांसोबत त्याला पकडते, त्यावर खूण करवते आणि ते नष्ट केले जाते. विंटचा संदेश आला की ही पकड सुटते, बीटा-कॅटेनिन साठते, पेशीकेंद्रात जाते आणि टीसीएफ-४ ला धरून विभाजनाची जनुके चालू करते. एपीसीच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर संदेश नसतानाही बीटा-कॅटेनिन साठतच राहते. तळाशी आहोत की वर, याचा पेशीला पत्ता लागत नाही. ती वर सरकत जाते, पण विभाजन सोडत नाही आणि गळूनही पडत नाही. मोठ्या आतड्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कर्करोगांत एपीसी बिघडलेले सापडते आणि हा बिघाड अगदी लहान पॉलिपमध्येही आढळतो, म्हणून तो सुरुवातीचा मानला जातो.

रिपोर्टमध्ये गाठीतला बदल लिहिला आहे की रक्तातला, हे आधी पाहा. फक्त गाठीत असेल तर तो त्या माणसाच्या आतड्यात आयुष्यात केव्हातरी घडलेला बदल आहे, तो मुलांकडे जात नाही. रक्ताच्या तपासणीत निघाला तर तो बहुधा जन्मजात असतो आणि मग घरच्यांचा विचार करावा लागतो. या एका फरकापायी किती घरांत विनाकारण धास्ती घेतली जाते, हे मी पाहते.

पॉलिपचा कर्करोग व्हायला किती काळ लागतो?

बहुतेक वेळा वर्षानुवर्षे. १९९० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी याचा नकाशा मांडला. आधी पाचव्या गुणसूत्रावरचा बदल (त्यातले एपीसी वर्षभराने ओळखले गेले), मग केरास हे जनुक, नंतर अठराव्या गुणसूत्रावरचे बदल (त्यातले स्मॅड-४ पुढे ओळखले गेले) आणि शेवटी टीपी-५३ हे जनुक. प्रत्येक बदलाबरोबर गाठ एक पायरी पुढे जाते. नंतर, २००८ मध्ये, त्याच संस्थेतल्या गटाने गाठींच्या जीनोमवरून, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएवरून, काळाचा अंदाज बांधला. मोठ्या पॉलिपपासून पसरण्याजोगा कर्करोग व्हायला सुमारे १७ वर्षे आणि तिथून इतर अवयवांत पसरायला मात्र दोन वर्षांहून कमी.

हे आकडे सरासरीचे आहेत, तुमच्या गाठीचे वेळापत्रक नव्हे. लिंच सिंड्रोम या वारशाने येणाऱ्या दोषात (त्याबद्दल पुढे) हा प्रवास फार जलद होऊ शकतो. तरी या अभ्यासाचा अर्थ मोठा आहे. बराच काळ हा आजार दुर्बिणीतून काढून टाकता येईल अशा अवस्थेत असतो.

म्हणजे प्रत्येक पॉलिप धोक्याचा?

नाही. बहुतेक पॉलिप कधीच कर्करोगापर्यंत जात नाहीत. पण कोणता जाईल हे दुर्बिणीतून पाहून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून दिसला की काढतात आणि तुकडा तपासायला पाठवतात. तो तपासणीचा कागद जपून ठेवा. पुढची तपासणी किती वर्षांनी करायची, हे पॉलिप किती, केवढे आणि कोणत्या जातीचे यावर ठरते.

जात महत्त्वाची का, याचे उत्तर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने एकेक पेशी स्वतंत्रपणे वाचून दिले. नेहमीचे पॉलिप, म्हणजे अॅडिनोमा, क्रिप्टच्या तळातल्या मूळ पेशी वाढल्याने होतात. यात विंटचा संदेश सुटलेला असतो. दातेरी कडांचे पॉलिप मात्र वेगळ्या वाटेने येतात. तिथे आतड्याच्या पेशी स्वतःची ओळख सोडून जठराच्या अस्तरासारख्या वागू लागतात. गर्भात 'तू आतडे आहेस' हे ठरवणारे सीडीएक्स-२ हे जनुक इथे मंदावलेले असते. दातेरी पॉलिप सपाट, फिक्या रंगाचे आणि बरेचदा उजव्या बाजूला असतात, त्यामुळे पोट नीट साफ झाले नसेल तर ते नजरेतून सहज निसटतात. जुलाबाचे औषध सांगितले तसे, पूर्ण घ्यायचे ते यासाठी.

निरोगी आतड्यात जनुकीय बदल नसतातच ना?

असतात आणि भरपूर असतात. केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन गावातल्या सँगर इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये हे दाखवले. काम फार नाजूक होते. आतड्याच्या पातळ कापावर सूक्ष्मदर्शकाखाली लेसर फिरवून एकेक क्रिप्ट कापून वेगळी करायची, खालच्या नळीत घ्यायची आणि तेवढ्याशा डीएनएचे संपूर्ण वाचन करायचे. एका क्रिप्टमधल्या सगळ्या पेशी मागे जाता एकाच मूळ पेशीची संतती असतात, त्यामुळे त्या पेशीचा आयुष्यभराचा हिशेब त्यात वाचता येतो. त्यांनी ४२ व्यक्तींच्या २,०३५ क्रिप्ट गोळा केल्या. प्रत्येक मूळ पेशीत दरवर्षी सरासरी चाळीसेक बदल जमा होत होते. पन्नाशी-साठीच्या माणसांत सुमारे एक टक्का क्रिप्टमध्ये कर्करोगाला हातभार लावणारा बदल आधीच होता.

दीड कोटीचा एक टक्का म्हणजे दीड लाख. इतक्या क्रिप्टमध्ये एक पाऊल पडलेले असूनही बहुतेक माणसांना आयुष्यात हा आजार होत नाही. मला हा आकडा दिलासा देणारा वाटतो. जनुकातला एक बदल म्हणजे कर्करोग नाही आणि ऊतीची स्वतःची घडण त्याला बराच काळ रोखून धरते.

ऊती रोखते म्हणजे कशी? आणि मग गाठ जिंकते कशी?

क्रिप्टच्या तळाशी जागा मर्यादित असते आणि मूळ पेशींमध्ये सतत चढाओढ चालते. कोणती टिकेल हे बरेचसे योगायोगावर असते. बिघडलेली पेशीही अनेकदा बाहेर ढकलली जाते. २०२१ मध्ये ग्लासगो आणि अॅमस्टरडॅम इथल्या दोन गटांनी उंदरांमध्ये दाखवले की एपीसी बिघडलेली पेशी नुसती जोराने वाढत नाही, ती शेजारणींना मागे रेटते. ती नोटम नावाचे प्रथिन बाहेर सोडते, ते आजूबाजूच्या निरोगी मूळ पेशींपर्यंत विंटचा संदेश पोचू देत नाही आणि त्या वेळेआधीच विभाजन थांबवून निघून जातात. लिथियम दिल्यावर निरोगी पेशींना बळ आले आणि उंदरांत गाठी कमी झाल्या. ज्यांना जन्मजात एपीसीचा दोष आहे अशा माणसांत हे उपयोगी पडेल का, याच्या चाचण्या नेदरलँड्समध्ये हाती घेतल्या गेल्या. घरी कुणी लिथियम घेण्याचा विचारही करू नये. त्याचे रक्तातले प्रमाण थोडे चुकले तरी मूत्रपिंडांना इजा होते.

गाठ एकाच पेशीपासून सुरू होते, असे पुस्तकात आहे. ते खरे का?

कर्करोग पूर्ण झाल्यावर त्यातल्या पेशी बहुतेकदा एकाच पूर्वजाच्या असतात, हे खरे. पण अगदी सुरुवातीला चित्र वेगळे असू शकते. १९९६ मध्ये एका असाधारण रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याला एपीसीचा जन्मजात दोष होता आणि शिवाय त्याच्या काही पेशींत एक्सवाय गुणसूत्रे, तर काहींत फक्त एक्स, असे जन्मजात मिश्रण होते. त्यामुळे कोणती पेशी कोणत्या वंशाची हे रंगवून पाहता आले. त्याच्या बारीक पॉलिपपैकी किमान ७६ टक्के एकाहून अधिक वंशांच्या पेशींचे निघाले. २०२४ मध्ये जीनोम वाचून केलेल्या कामातूनही असेच दिसले. सुरुवातीचे कित्येक पॉलिप मिश्र असतात आणि पुढे सरकताना त्यातला एक वंश बाकीच्यांना मागे टाकतो. हा टप्पा अडवता आला तर पॉलिप तिथेच थोपवता येईल, म्हणून संशोधकांचे लक्ष सध्या इकडे आहे.

गर्भातल्या आतड्याचा नकाशा काढून रुग्णाला काय मिळणार?

आज औषधांच्या दुकानात काही नाही. पण हा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

२०२१ मध्ये सँगर इन्स्टिट्यूटच्या रासा एल्मेंताइते आणि सारा टाइश्मन यांच्या गटाने मानवी आतड्याच्या सुमारे ४,२८,००० पेशींची नोंद प्रसिद्ध केली. गर्भ, बालके आणि प्रौढ अशा तिन्ही वयांतली. अशा नकाशाशी गाठीच्या पेशी ताडून पाहता येतात. ही पेशी प्रौढ आतड्यासारखी वागते आहे की गर्भातल्या?

हे विचारायचे कारण जखमेच्या अभ्यासातून आले. २०१८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांच्या जखमी आतड्याकडे पाहिले. एकात दाहाने, दुसऱ्यात जंतांनी इजा केली होती. दोन्हीकडे भरून येणाऱ्या अस्तराने प्रौढ मूळ पेशींच्या खुणा सोडल्या आणि गर्भातल्या पेशींची जनुके पुन्हा चालू केली. काम झाल्यावर ती पुन्हा बंद झाली. कर्करोगात असाच मागे जाणारा प्रवास दिसतो, फक्त तो थांबत नाही. केमोथेरपीच्या माऱ्यात काही पेशी अशा गर्भसदृश अवस्थेत जाऊन तग धरतात आणि नंतर पुन्हा वाढतात, असे पुरावे आता जमत आहेत. उपचारांनंतर आजार परत का येतो, याचे एक उत्तर इथे मिळू शकते. वर्षानुवर्षे ज्यांना कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, आहे त्यांना कर्करोगाचा धोका जास्त का, यालाही हीच बाजू असावी असे मला वाटते, कारण त्यांच्या आतड्यात दुरुस्तीचे काम कधी संपतच नाही.

ऑर्गनॉइड म्हणजे काय?

बशीत वाढवलेले चिमुकले आतडे. २००९ मध्ये क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्याची एकच मूळ पेशी घेतली, जेलीसारख्या पदार्थाच्या थेंबात ठेवली आणि क्रिप्टच्या तळाशी जे संदेश मिळतात तेच तिला दिले. काही दिवसांत पोकळ गोळा झाला, त्याला कळ्यांसारखे फुगवटे फुटले आणि प्रत्येक फुगवट्याच्या टोकाशी नवी क्रिप्ट तयार झाली. माणसाच्या आतड्यापासूनही आता हे होते. रुग्णाच्या गाठीपासून ऑर्गनॉइड वाढवून त्यावर औषध आधी तपासता येते. उंदरांची एक अडचणही यातून टळते. एपीसीचा दोष असलेल्या उंदरांना गाठी मुख्यतः लहान आतड्यात होतात, माणसाला मोठ्या आतड्यात.

मात्र ऑर्गनॉइडला रक्तवाहिन्या, नसा आणि रोगप्रतिकारक पेशी नसतात. त्यामुळे 'प्रयोगशाळेत कर्करोग बरा झाला' अशी बातमी आली की ती बशीतली आहे की माणसातली, हे वाचून घ्यावे.

हल्ली तिशी-चाळिशीतल्या लोकांना हा कॅन्सर का होतो आहे?

वाढ खरी आहे. अमेरिकेतल्या नोंदींच्या २०१७ च्या अभ्यासानुसार १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना, १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत, त्याच वयात कोलनच्या (गुदाशय सोडून उरलेल्या मोठ्या आतड्याच्या) कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आहे. तिथे तपासणी सुरू करण्याचे वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणले गेले. यांतल्या बहुसंख्य तरुण रुग्णांत जन्मजात दोष सापडत नाही. लठ्ठपणा, बैठे काम, दारू, प्रक्रिया केलेले मांस यांचा वाटा आहे, पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

एक ठोस धागा जंतूंचा आहे. ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात आणि ते डीएनएवर ओळखू येईल असा ठसा सोडते. २०२० मध्ये उट्रेख्टच्या गटाने हे जंतू ऑर्गनॉइडच्या आत पाच महिने ठेवून तो ठसा निश्चित केला. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींचे जीनोम वाचले गेले, तेव्हा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत हा ठसा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट अधिक आढळला. तो पडतो बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांत. एपीसीतला पहिला बिघाड एखाद्याला शाळकरी वयातच झाला असेल, तर पुढचा सगळा प्रवास वीस-तीस वर्षे आधी सुरू होतो. हा संबंध भक्कम आहे, पण कोलिबॅक्टिन हेच कारण असे सिद्ध झालेले नाही. लहान मुलांना भीतीपोटी प्रतिजैविके देण्याचे तर अजिबात कारण नाही.

भारतात परिस्थिती वेगळी आहे का?

लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडे हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. पण जे रुग्ण येतात ते तुलनेने तरुण असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या नोंदींत सरासरी वय ४७ च्या आसपास होते. त्यात गुदाशयाच्या गाठींचा वाटा मोठा होता आणि सिग्नेट रिंग नावाचा आक्रमक प्रकारही पाश्चात्त्य नोंदींपेक्षा बराच जास्त होता. आपली लोकसंख्याच तरुण असल्याने सरासरी वय काहीसे खाली येते, हे ध्यानात ठेवायला हवे.

हैदराबादच्या सीडीएफडी या संस्थेतल्या मुरली बश्याम यांच्या गटाने तरुण भारतीय रुग्णांच्या गाठी तपासल्या. त्यातल्या बऱ्याच गाठींत विंटचा नेहमीचा मार्ग चालू असल्याची खूण दिसलीच नाही. म्हणजे वर सांगितलेली एपीसीची कथा आपल्या सगळ्या तरुण रुग्णांना लागू पडत नसावी. जगातले बहुतेक जीनोम युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांचे आहेत. आपल्या गाठी आपणच वाचल्या नाहीत तर आपल्या रुग्णांसाठी दुसऱ्याच आजाराचे औषध शोधले जाईल, अशी मला खरी काळजी वाटते.

राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे. आतड्याचा नाही. त्यामुळे इथे लक्षण ओळखणे आणि घराण्याचा इतिहास सांगणे यावरच भिस्त आहे.

वडिलांना होता. मला होईल का?

बहुतेक वेळा हा आजार वारशाने येत नाही. पण काही खुणा दिसल्या तर जनुक-सल्लागाराकडे जा. रुग्णाचे वय पन्नासच्या आत असणे, रक्ताच्या नात्यात दोन-तीन जणांना आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असणे, एकाच माणसाला दोनदा होणे, किंवा आतड्यात अनेक पॉलिप असणे.

सर्वांत जास्त आढळतो तो लिंच सिंड्रोम, साधारण तीनशे माणसांत एकाला. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारे एक जनुक यात जन्मतः सदोष असते. १८९५ मध्ये मिशिगनमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितले होते की आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. तसेच झाले. डॉक्टरांनी तिचे म्हणणे मनावर घेऊन घराण्याची नोंद ठेवली. १९६० च्या दशकात नेब्रास्कातले हेन्री लिंच यांनी अशी आणखी कुटुंबे शोधली आणि १९९३-९४ मध्ये एमएसएच-२ आणि एमएलएच-१ ही जनुके हाती आली.

आई किंवा वडिलांत दोष असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. दोष असलेल्यांची दुर्बिणीची तपासणी साधारण विशी-पंचविशीपासून, दर एक-दोन वर्षांनी करतात. एपीसीचा जन्मजात दोष असेल तर ती दहा-बारा वर्षांच्या वयापासूनच सुरू होते, कारण आतडे काढले नाही तर चाळिशीपर्यंत कर्करोग जवळजवळ ठरलेला असतो. अशा रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या घरात आधी कुणालाच आजार नसतो, दोष त्यांच्यात नव्याने आलेला असतो.

चाचणी कुणी आधी करायची?

ज्याला आजार झाला आहे त्याने. त्याच्या गाठीच्या तुकड्यावर एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही चार प्रथिने आहेत का, हे रंग देऊन पाहतात. ही तपासणी मोठ्या शहरांतल्या पॅथॉलॉजी विभागांत होते आणि जीनोम वाचण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. आतड्याच्या प्रत्येक कर्करोगात ती व्हावी असे माझे ठाम मत आहे. झालेली नसेल तर डॉक्टरांना विचारा. रुग्ण हयात नसला तरी गाठीचा तुकडा बसवलेले मेणाचे ठोकळे रुग्णालयात बरेचदा जपलेले असतात.

त्यात प्रथिन नाहीसे दिसले तर पुढची पायरी रक्ताच्या चाचणीची. रुग्णात नेमका दोष कळला की भावंडांची आणि मुलांची तेवढीच एक चाचणी पुरते. टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग-जनुकशास्त्राचे स्वतंत्र क्लिनिक आहे, पुण्या-मुंबईतल्या इतर काही मोठ्या रुग्णालयांतही सल्लागार भेटतात. लग्नाच्या मुलींची चाचणी लपवून ठेवावी असे घरच्यांना वाटते. हे मी वारंवार ऐकते. त्या मुलींना तपासणीची सगळ्यात जास्त गरज असते, कारण लिंचमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचाही धोका असतो.

रक्ताच्या चाचणीत सुरुवातीचा कर्करोग कळतो का?

कर्करोग बऱ्यापैकी, पॉलिप जवळजवळ नाही. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या शील्ड या रक्तचाचणीने ८३ टक्के कर्करोग पकडले, पण धोक्याचे पॉलिप फक्त १३ टक्के. शौचातला डीएनए तपासणाऱ्या चाचणीने २०१४ च्या अभ्यासात ९२ टक्के कर्करोग आणि ४२ टक्के मोठे पॉलिप ओळखले, तर शौचातले अदृश्य रक्त शोधणाऱ्या साध्या फिट चाचणीने ७४ आणि २४ टक्के. कर्करोग होण्याआधीच अडवायचा असेल तर आज तरी दुर्बिणीला पर्याय नाही, कारण तीच पॉलिप दाखवते आणि तिथल्या तिथे काढतेही.

रक्तातल्या गाठीच्या डीएनएचा दुसरा उपयोग मात्र चांगला आहे. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक चाचणीत (२०२२) दुसऱ्या टप्प्यातल्या ४५५ रुग्णांपैकी ज्यांचा निर्णय या तपासणीवरून घेतला, त्यातल्या १५ टक्क्यांना किमो लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्क्यांना. आजार परतण्याचे प्रमाण वाढले नाही.

या संशोधनाने उपचार बदलले का?

गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांतल्या एका गटासाठी तर पूर्णच बदलले. दुरुस्ती-जनुके बिघडलेल्या गाठींत इतके बदल साठतात की रोगप्रतिकारक पेशींना त्या परक्या म्हणून ओळखता येतात. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात अशा रुग्णांना सहा महिने डोस्टार्लिमॅब हे रोगप्रतिकारक पेशींवरचा लगाम सोडवणारे औषध दिले. २०२२ मध्ये पहिल्या १२ आणि २०२५ पर्यंत उपचार पूर्ण केलेल्या ४९ पैकी ४९ जणांची गाठ दिसेनाशी झाली. शस्त्रक्रिया नाही, किरणांचा शेक नाही, पोटावर पिशवी नाही. अशा गाठी थोड्याच असतात आणि औषध फार महाग आहे. तरीही वरची चार प्रथिनांची तपासणी उपचार सुरू होण्याआधी का हवी, ते यावरून कळावे.

लिंच असलेल्या ८६१ जणांवर ब्रिटनच्या जॉन बर्न यांनी केलेल्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन किमान दोन वर्षे घेणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग पुढे कमी झाला. रक्तस्रावाचा धोका असल्याने हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

शौचातून रक्त जाते, पण ती मूळव्याध आहे असे सांगितले.

असेलही. पण कुणी बोट घालून किंवा दुर्बिणीतून पाहिले का? न पाहता दिलेले मूळव्याधीचे नाव मानू नका, वय तिशीचे असले तरी. रक्त दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ जात असेल, शौचाची सवय बदलली असेल, पोट साफ झाल्यासारखे वाटत नसेल, वजन घटत असेल, किंवा पुरुषाचे अथवा पाळी थांबलेल्या बाईचे हिमोग्लोबिन कारण नसताना उतरले असेल, तर तपासणी मागून घ्या. गुदाशयातल्या कितीतरी गाठी बोटाला लागतात आणि त्या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. लाजेपायी ती टळते, रुग्णाच्या आणि कधी कधी डॉक्टरांच्याही.

माझ्या तपासणीतला तुकडा संशोधनाला देता येतो का?

रुग्णालयात तशी सोय आणि नीतिमत्ता समितीची परवानगी असेल तर येतो. निदानासाठी लागणारा भाग आधी पॅथॉलॉजीकडे जातो, उरलेला संशोधनाला. संमतीपत्र मराठीत मागा आणि सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. नाव-पत्ता काढून टाकणार का, तुकडा किती वर्षे ठेवणार, परदेशी किंवा खासगी कंपनीला देणार का, आणि त्यात वारशाने येणारा दोष सापडला तर मला कळवणार का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' हवे की 'नको' हे तुम्ही निवडू शकता. नकार दिला म्हणून उपचारांत फरक पडत नाही आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते.